लाल ठिपक्याच्या खाली

मी एक जुना रक्तदाबाचा डबा आहे. पुस्तकात माझं नाव भलतंच लांबलचक लिहितात, पण नंदाखाल गावात मला सगळे 'डॉक्टरांचं मशीन' म्हणतात आणि मला तेवढं पुरतं. अंग पत्र्याचं, रंग राखाडी. झाकण उघडून उभं केलं की आत काचेची उभी नळी दिसते, तिच्या कडेला आकडे आणि तळाशी चकचकीत पारा. एक रबरी नळी दंडाला गुंडाळायच्या कापडी पट्ट्याकडे जाते, दुसरी हातात धरून दाबायच्या रबरी फुग्याकडे. माझा संसार एवढाच. मित्रांनो, उद्या मला इथून घेऊन जाणार आहेत. जायच्या आधी माझी हकिकत तुम्हाला सांगून टाकतो. मध्ये मध्ये थोडी फुशारकी मारीन, ती तेवढी सहन करा.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक बाई माझ्यासारख्यांच्या पोटात पारा भरायच्या. भरताना श्वास रोखून धरायच्या. चुकून थेंब सांडला तर सगळ्यांना बाहेर काढून खिडक्या उघडायच्या, कारण पारा विषारी असतो, त्याची वाफसुद्धा वाईट. म्हणजे मी जन्मलो तोच पोटात विष घेऊन. हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून कळलं तर तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल.

चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर ॲन्सेल्म मला विकत घेऊन नंदाखालला आले. चारी बाजूंनी नारळ आणि केळी, मध्ये कौलारू दवाखाना, बाहेर एक लांब बाक आणि आत नंबर द्यायला व औषधं बांधायला लुसी. तेव्हा ती नुकती कामाला लागली होती. आता तिचे केस पांढरे झाले आहेत, तरी बाकावरच्या गर्दीला गप्प करायचा तिचा आवाज तसाच आहे.

डॉक्टरांची मुलगी इनेझ आठ वर्षांची असताना एका दुपारी माझ्याशी डॉक्टर-डॉक्टर खेळली. खेळता खेळता तिने आईच्या लाल नखपॉलिशचा एक ठिपका माझ्या काचेवर दिला. डॉक्टर रागावणारच होते, इतक्यात त्यांनी पाहिलं, ठिपका बरोबर एकशे चाळीसच्या रेघेवर बसला होता. त्यांनी तो पुसला नाही. त्या दिवसापासून दवाखान्यात नियमच झाला. फुगा दाबून पारा वर चढवायचा, मग हळूहळू खाली सोडायचा. उतरता उतरता पारा ठोक्याबरोबर डुलायला लागतो. ठिपक्याच्या खाली आल्यावर डुलायला लागला तर डॉक्टर म्हणायचे, "जा घरी." वर असतानाच डुलायला लागला तर म्हणायचे, "बस जरा, बोलू." गावात लोक एकमेकांना विचारू लागले, ठिपक्याच्या वर की खाली? लग्नाच्या मांडवातसुद्धा विचारायचे.

नंदाखालचे दंड मी ओळखतो. माडावर चढणाऱ्या सॅन्टनचा दंड दगडासारखा, पट्टा पुरायचा नाही. केळीच्या वाडीतल्या माणसांच्या बाहीवर चिकाचे काळे डाग असायचे. फुलं खुडणाऱ्या बायकांच्या हातांना सोनचाफ्याचा वास यायचा आणि तो माझ्या पट्ट्याला संध्याकाळपर्यंत टिकायचा. दसऱ्याला मथुराकाकी न चुकता माझ्यासाठी झेंडूचा हार आणायच्या. लुसी हसायची, पण हार तीच नीट घालायची. मी किती सुखात होतो ते काय सांगू!

मला फक्त एक दुःख होतं. मला खोटं सांगता येत नाही, आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत नाही. माझ्या हातात फक्त आकडा. या दुःखाचा अर्थ मला दयारामभाऊंमुळे कळला. पुढची गोष्ट त्यांच्या जिवाची आहे, म्हणून नीट ऐका.

दयारामभाऊ म्हणजे मथुराकाकींचे यजमान. दवाखान्याच्या मागेच त्यांची वाडी. अर्ध्या भागात केळी, अर्ध्यात सोनचाफा, कोपऱ्यात बावखल, म्हणजे पाण्याचं लहानसं तळं, आणि त्याच्या काठी पंपाची खोली. चौदा वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा आले ते डोकं दुखतं म्हणून. मी पारा चढवला आणि तो एकशे बहात्तरवरच डुलायला लागला.

डॉक्टर म्हणाले, "दयाराम, ठिपका बघितलास?"

"बघितला."

"रोज एक गोळी घ्यायची."

"किती दिवस?"

"जेवणार किती दिवस आहेस?"

दयारामभाऊ हसले आणि गोळी सुरू झाली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी केळ्यांची फणी घेऊन ते यायचे, शर्टाची बाही वर करून माझ्यापुढे बसायचे. पारा हळूहळू वठणीवर आला. एकशे चौतीस, एकशे अठ्ठावीस, एकशे बत्तीस. पाच वर्षांनी मथुराकाकींनाही गोळी लागली, मग दोघं जोडीनं येऊ लागली. दयारामभाऊंचे थोरले भाऊ चंद्रहास यांची गोळी तर दोघांच्याही आधीपासून चालू होती. सगळं घर ठिपक्याच्या खाली. असं घर दिसलं की मला आपलंच कौतुक वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टर ॲन्सेल्म गेले. इनेझ तोवर डॉक्टर झाली होती, दवाखाना तिने सांभाळायला घेतला. तिने एक नवं मशीन आणलं. पांढरं, गुळगुळीत, बटण दाबलं की आपोआप फुगतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. पाऱ्याची यंत्रं आता वापरातून काढायची आहेत, कारण फुटली तर विष हवेत, पाण्यात जातं. इनेझनं लुसीला सांगितलं, असा कचरा नीट नेणाऱ्यांची गाडी येईल तेव्हा हे द्यायचं. गाडी काही आली नाही. मी औषधांच्या कपाटावर जाऊन बसलो. शेजारी नाताळचा कागदी तारा होता. वर्षातले अकरा महिने आम्ही दोघं धूळ खात बसायचो, बाराव्या महिन्यात तो मिरवायला जायचा आणि मी एकटा उरायचो.

सुरुवातीला मी त्या नव्या मशीनवर फार जळलो. त्याला ना पारा, ना ठिपका. पण कपाटावर बसलं की ऐकू सगळं येतं, आणि हळूहळू मला ऐकायची गोडी लागली.

या वर्षी शिमगा झाला आणि चौथ्या दिवशी चंद्रहास गेले. आतड्याचा कॅन्सर. चार महिन्यांत खेळ आटोपला. पुढचे कितीतरी दिवस बाकावर त्यांचाच विषय होता. तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी फोनवर एक व्हिडिओ दाखवला होता, तो आता बाकावर या फोनवरून त्या फोनवर फिरत होता. त्यातला माणूस गंभीर आवाजात सांगत होता की रक्तदाबाच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, परदेशात त्या बाजारातून परत मागवल्या, आपल्यापासून हे लपवून ठेवलं आहे.

"चंद्रहासची गोळी सोळा वर्षं चालू होती," कुणीतरी म्हणालं.

"एक दिवस खाडा नाय," दुसऱ्यानं री ओढली.

बाकाच्या टोकाला दयारामभाऊ बसले होते. ते सगळं ऐकत होते. त्यांचा नंबर आला तेव्हा ते उठून आत आले, बाही वर केली, आकडा ऐकला, चिठ्ठी घेतली आणि गेले. इनेझला त्यांनी काही विचारलं नाही, आणि तिनेही त्यांना काही विचारलं नाही. बाहेर पुष्कळ माणसं थांबली होती.

पुढच्या महिन्यात नव्या मशीननं एकशे अठ्ठावन्न सांगितलं. इनेझ म्हणाली, "भाऊ गेल्याचा ताण असेल, काका." तिने गोळी थोडी वाढवली. त्याच्या पुढच्या महिन्यात एकशे बहात्तर. तिने आणखी एक गोळी जोडली. मी कपाटावरून ऐकत होतो आणि माझा जीव खालीवर होत होता. चौदा वर्षं ऐकणारा हा दंड आताच का ऐकेनासा झाला? मित्रांनो, मला कळत होतं की काहीतरी चुकतंय. पण कपाटावरच्या डब्याला कोण विचारतो!

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी दयारामभाऊ आणि मथुराकाकी दोघं आली. काकींचा आकडा एकशे सव्वीस. मग दयारामभाऊंनी उजवी बाही वर केली. नवं मशीन बराच वेळ गुरगुरलं आणि म्हणालं, एकशे अठ्ठ्याऐंशी, खालचा आकडा एकशे दहा.

इनेझनं पेन उचललं. पुन्हा गोळी वाढवणार, तोच दयारामभाऊ म्हणाले, "बाय, या मशीनला ठिपका नाय. मला याचं काय खरं वाटत नाय. डॉक्टरांचं मशीन लाव."

ती मला नकोच म्हणेल असं वाटलं होतं. पण ती लुसीला म्हणाली, "काढ खाली."

लुसीनं स्टुलावर चढून मला उतरवलं, पदरानं पुसलं आणि झाकण उघडलं. तीन वर्षं हलवलं नव्हतं. पारा जागेवर असेल ना? इनेझनं वाकून पाहिलं. पारा शून्यावर होता, अगदी रेघेला टेकून. पट्ट्याचं चिकटणारं टोक मात्र निकामी झालं होतं, ते लुसीनं बँडेजनं बांधलं.

इनेझ फुगा दाबू लागली. पारा दोनशेच्या वर गेला. मग तिनं तो सोडायला सुरुवात केली. दयारामभाऊ टक लावून बघत होते. एकशे शहाऐंशीवर पारा डुलला. पुन्हा डुलला. ठिपका अजून किती खाली होता! त्यांना तो दिसत होता, मथुराकाकींना दिसत होता. नवं मशीन खोटं बोलत नव्हतं, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं. आम्ही दोघं एकच सांगत होतो.

इनेझनं पट्टा सोडला आणि पेन बाजूला ठेवलं. "काका, गोळ्या घेता ना?"

उत्तर काकींनी दिलं. "घेतात ना. रोज सकाळी मीच हातावर ठेवते. पंपावर जाऊन पाण्यासंगती घेतात."

"पंपावर?"

दयारामभाऊ ठिपक्याकडेच बघत होते. "पंपाच्या खोलीत डबा हाय. दोर ठेवायचा. त्यात हायेत सगळ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"शिमग्यापासूनच्या. तू नव्या दिल्यास त्यापन."

काकींच्या हातातली पिशवी खाली पडली. कुणी उचलली नाही.

"केळीचा तुकडा तीन वर्षं धरला की वर्षभर मोकळा सोडतो आमी," दयारामभाऊ सावकाश सांगू लागले. "नाय सोडला तर मातीत रोग धरतो. दादानं सोळा वर्षं गोळी खाल्ली, एक दिवस अंग मोकळं नाय सोडलं. माझी चौदा झाली. मी म्हटलं, वर्षभर सोडून बघू."

"मग माझ्या का नाय बंद केल्या?" मथुराकाकी ताडकन म्हणाल्या. "मला नऊ वर्षं झाली. मला रोज पुढ्यात उभं राहून घ्यायला लावता. मला झाला क्यान्सर तर चालंल तुमाला?"

दयारामभाऊंनी पहिल्यांदा माझ्यावरची नजर काढली. "नवीन खत आलं तर सगळ्या वाडीला घालतो का आपन? कडेच्या एका वाफ्याला घालून बघतो. जळला तर तेवढाच जळतो. मी म्हटलं, आधी माझ्यावर बघावं. वर्षभर मला काय झालं नाय तर मग तुझ्या बंद करू. तुला दादासारखं व्हायला नको होतं मला."

काकी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. लुसीनं दार लोटून घेतलं. या माणसाचा दंड मी चौदा वर्षं धरला होता, आणि बायकोसाठी तो स्वतः कडेचा वाफा झाला हे मला आत्ता कळत होतं.

इनेझ रागावली नाही. तिनं विचारलं, "या पाच महिन्यांत काही झालं का? चक्कर, हाताला मुंग्या, बोलणं अडखळणं?"

"शुक्रवारी हातातून कोयता पडला. ओठ जड झाला होता. घटकाभरानं गेलं."

इनेझ उठलीच. त्यांना हसायला लावलं, दोन्ही हात समोर धरायला सांगितले. उजवा हात हळूहळू खाली यायला लागला. तिनं ताबडतोब इस्पितळात फोन केला, मग गाडीसाठी फोन केला, मग चंदनसारला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, मयूरला फोन केला. गाडी यायला पंधरा मिनिटं होती. दयारामभाऊंना तिनं तपासायच्या बाकड्यावर आडवं केलं आणि स्वतः शेजारी स्टूल ओढून बसली.

"बाय," ते म्हणाले, "आता तरी खरं सांग. गोळीनं क्यान्सर होतो का नाय?"

"काका, तुम्ही जे एका वाफ्यावर केलंत ना, ते डॉक्टरांनी जगभर करून बघितलंय. काही लोकांना गोळी द्यायची, काहींना नाही, आणि मग वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं. असे तीसेक मोठे प्रयोग एकत्र करून तपासले. अडीच लाखांच्या वर माणसं होती. गोळी घेणाऱ्यांना कॅन्सर जास्त झाला, असं ठामपणे कुठेच दिसलं नाही."

"अडीच लाख वाफे," दयारामभाऊ पुटपुटले.

"पण सगळं कळलंय असं मी म्हणणार नाही. त्या माणसांवर साधारण चारेक वर्षं लक्ष होतं. वीस वर्षांचं तेवढ्या खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून अजून तपास चालू आहे. लघवी वाढवणारी एक गोळी आहे, ती बरीच वर्षं घेणाऱ्या गोऱ्या कातडीच्या लोकांत उन्हानं होणारा कातडीचा कॅन्सर थोडा जास्त दिसला. ती तुमच्या चिठ्ठीत नाही. आणि व्हिडिओतलं एक खरं आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रकारच्या गोळ्यांत, बनवतानाच नको ते रसायन आलं होतं. तपासात कळलं आणि तो माल परत मागवला. तीही तुमची गोळी नव्हे."

"मग दादाला कशानं झाला?"

इनेझ म्हणाली, "मला माहीत नाही, काका."

तिच्या वडिलांनीही हेच सांगितलं असतं. मला तिचा फार अभिमान वाटला.

"पण गोळी सोडल्यावर काय होतं, ते मला पक्कं माहीत आहे," ती पुढे म्हणाली. "पंपाचा दाब वाढला की पाइप कुठे फुटतो?"

"जोडावर."

"तुमच्या डोक्यात तसे बारीक बारीक जोड आहेत. वाफा मोकळा सोडला की मातीला आराम पडतो. गोळी सोडली की पंप जोरात चालू राहतो, रात्रंदिवस. आणि मी काय करत होते? गोळी वाढवत होते. तुम्ही खरंच त्या सगळ्या घ्यायला लागला असतात तर दाब एकदम पडून चक्कर येऊन बावखलात गेला असतात. मी एकदाही विचारलं नाही की, काका, मनात काय आहे."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मथुराकाकींनी पिशवी उचलली, यजमानांचा उजवा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं गेली.

मी टेबलावर उघडाच राहिलो. त्या दिवशी मला परत कपाटावर ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढचं मी लुसीच्या तोंडून ऐकलं. डोक्यातली एक बारीक शीर अडली होती. वेळेत नेलं म्हणून वाचले, पण उजव्या हाताचा जोर गेला. नऊ दिवसांनी घरी आले. हाताला व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. सोमवारी ते दवाखान्यात आले तेव्हा चेंडू दाखवून म्हणाले, "हे पोरांचं खेळणं दाबून मला लाज वाटते." मग त्यांची नजर माझ्या फुग्यावर गेली. "हा दाबला तर?"

इनेझनं माझी काच न् काच, नळी न् नळी तपासली आणि हो म्हणाली. पट्टा एका औषधाच्या बाटलीला गुंडाळला. दयारामभाऊंनी फुगा उजव्या हातात धरला. पहिल्या दिवशी पारा तीसपर्यंत गेला आणि बसला. त्यांच्या कपाळावर घाम आला. पुढच्या खेपेला पंचेचाळीस, मग साठ. दर सोमवारी आधी नव्या मशीनवर त्यांचा दाब बघायचा, मग माझ्यावर हाताचा जोर. म्हातारपणी मला असली नोकरी लागेल असं वाटलं नव्हतं. पारा अडला की मीच आतून जोर लावतो आहे असं वाटायचं. खरं तर मला काही लावता येत नाही.

बाकावरही फरक पडला. दयारामभाऊ आपण काय केलं ते कुणापासून लपवत नव्हते. ते ऐकून सॅन्टननं कबूल केलं की तो गोळी मोडून अर्धीच घेत होता. आणखी दोघीतिघींनीही लपवलेल्या गोळ्यांचे डबे उघडले. आता इनेझ आकडा बघायच्या आधी विचारते, "गोळीबद्दल काही ऐकलंत का? कसली भीती वाटते?" त्यामुळे रांग सरायला वेळ लागतो आणि लुसी कुरकुरते, पण कुणाला हाकलत नाही.

मागच्या आठवड्यात गाडीवाल्यांचा फोन आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले. आज दसरा.

सकाळीच मथुराकाकी आल्या. झेंडूचा हार, त्यात मध्ये मध्ये सोनचाफा. मागून दयारामभाऊ, हातात दोर ठेवायचा तो जुना डबा. हार माझ्या झाकणावर घालून झाल्यावर दयारामभाऊ म्हणाले, "बाय, आज बाटली नको. पट्टा हिच्या दंडाला बांध."

काकी पुढे बसल्या. पट्टा बांधला. इनेझनं कानाला नळी लावली. दयारामभाऊंनी उजव्या हातात फुगा घेतला आणि दाबला. पन्नास. ऐंशी. शंभरला हात थरथरायला लागला. इनेझ मदतीला पुढे झाली, त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"हळू हो, दंड तोडाल," काकी म्हणाल्या.

एकशे वीस. मग ठिपका. ठिपक्यावर पारा थोडा थांबला, आणि पुन्हा चढला. एकशे साठ! लुसीनं छातीवर क्रूस काढला. मग इनेझनं हळूहळू हवा सोडली. पारा उतरू लागला. ठिपक्यापाशी आला, निश्चल. ठिपका ओलांडून खाली आला, तरी निश्चल. एकशे अठ्ठावीसवर पहिला ठोका पडला आणि पारा डुलला.

"ठिपक्याच्या खाली," दयारामभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा शेवटचा आकडा. मला जाताना तुमच्याकडे एकच मागायचं आहे. तुमच्या घरात कुणी रोज गोळी घेत असेल तर तिच्याकडे डोळेझाक करू नका, आणि घाबरून ती फेकूही नका. मनात शंका आली, कुणी फोनवर काही दाखवलं, तर ते घेऊन डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा. डॉक्टरांना माहीत नसेल तर तेही त्यांना सांगू द्या. पण एकट्यानं, लपवून, स्वतःच्या जिवावर करून बघू नका. आजी-आजोबांना गोळी घेतली का एवढंच विचारू नका, भीती वाटते का तेही विचारा. मला तोंड नव्हतं म्हणून मी विचारू शकलो नाही. तुम्हाला आहे.

आता मी खोक्यात आहे. दयारामभाऊंनीच मला बांधलं. भोवती केळीच्या खोडाची सुकी सोपटं घट्ट कोंबली, जून घड बाजारात पाठवताना कोंबतात तशी, आणि वरून डब्यातल्या दोराचे चार फेरे मारले. त्या डब्यात आता गोळ्या नाहीत. मथुराकाकी त्यांच्या उजव्या तळहातावर रोज गोळी ठेवतात आणि मूठ मिटेपर्यंत समोरून हलत नाहीत. पंपावर जायचं ते गोळी गिळून झाल्यावर.

दोराची गाठ त्यांनी उजव्या हातानं मारली. बराच वेळ लागला. मग खोक्यावर हात ठेवून लुसीला म्हणाले, "गाडीवाल्यांना सांग, यात विष हाय. जपून न्या म्हणावं. चाळीस वर्षांत एक थेंब सांडला नाय यानं."